सिझेरियन प्रसूती आणि स्त्रीची जाणती निवड : एक आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

पुणे शहरात आज कोणाच्या घरी बाळंतपण झाल्याची वार्ता आली, म्हणजे मुलगा की मुलगी या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘नॉर्मल की सिझर?’ हा प्रश्न ठरलेलाच असतो. आणि ‘नॉर्मल’ या उत्तराला मिळणारी शाबासकी व ‘सिझर’ या उत्तरावर व्यक्त होणारी हळहळ, किंवा दवाखान्याच्या हेतूविषयीची शंका, ही दोन्ही ऐकली की या विषयाची चर्चा आपल्याकडे अद्याप कोणत्या पायरीवर उभी आहे याची कल्पना येते. शस्त्रक्रिया वाईट की चांगली, एवढ्यापुरताच हा वाद आहे असे मानले जाते. वस्तुतः त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न निराळा आहे : ज्या स्त्रीच्या शरीरावर हा निर्णय अमलात येतो, तिला त्या निर्णयाची कारणे, पर्याय आणि परिणाम कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत सांगावयाचे, आणि ते समजून घेऊन तिने दिलेल्या उत्तराला किती वजन द्यावयाचे? गेल्या काही दशकांत वैद्यक, कायदा आणि लोकारोग्य या तिन्ही क्षेत्रांत या प्रश्नाचा बराच ऊहापोह झाला आहे. त्याचा एकत्रित आढावा घेणे, प्रमुख भूमिका न्यायबुद्धीने मांडणे आणि अनिर्णीत राहिलेल्या बाबींची नोंद करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. पूर्वपीठिका

प्रसूतिशास्त्र आणि महाराष्ट्र यांचा संबंध जुना आणि काहीसा हृद्य आहे. आनंदीबाई जोशी यांनी कोवळ्या वयात आपले नवजात मूल गमावल्यानंतर वैद्यकीय शिक्षणाचा निश्चय केला, १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी संपादन केली, आणि तेथे प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा. पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले व त्यांचे कार्य आरंभापूर्वीच खुंटले. १९०९ साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन सुरू झाले, आणि घराबाहेर पडण्याचीही मुभा नसलेल्या स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाची वाट त्या संस्थेने खुली केली. रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचा आरंभ १९१२ सालचा. १९४४ साली डॉ. बानू कोयाजी तेथे रुजू झाल्या तेव्हा ते चाळीस खाटांचे लहानसे प्रसूतिगृह होते. त्याचे त्यांनी मोठ्या रुग्णालयात रूपांतर केले आणि वढू परिसरातील खेड्यांपर्यंत मातृसेवेचा विस्तार केला. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या सर्व प्रयत्नांमागची चिंता एकच होती. अडलेल्या बाईला वेळेवर कुशल हात मिळावा, ही ती चिंता.

त्या काळात सिझेरियन हा अखेरचा उपाय होता. सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे स्वतंत्र विवेचन आहे. परंतु जिवंत मातेवर ही शस्त्रक्रिया करून तिला वाचविणे शक्य झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १८८२ साली मॅक्स झेंगर या जर्मन वैद्याने गर्भाशयाची जखम काळजीपूर्वक शिवण्याची पद्धत प्रचारात आणली. पुढे गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद देण्याची रीत, जंतुनाशकता, रक्तसंक्रमण, प्रतिजैविके आणि सुधारलेली भूल यांमुळे ही शस्त्रक्रिया इतकी निर्धोक झाली, की जी केवळ मरणाच्या दारात योजावयाची ती आता पंचांग पाहून ठरविता येऊ लागली. निवडीचा प्रश्न उपस्थित झाला तो या सुरक्षिततेतूनच. जेथे उपाय एकच असतो तेथे निवड संभवत नाही.

३. आकडेवारी काय दर्शविते

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील एकूण प्रसूतींत सिझेरियनचे प्रमाण २००५-०६ मध्ये ८.५ टक्के होते. ते २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात याच शेवटच्या दोन पाहण्यांच्या दरम्यान ते २०.१ वरून २५.४ टक्के झाले, म्हणजे दर चार बाळंतपणांपैकी एक. या सरासरीच्या पोटात मोठी तफावत दडलेली आहे. २०१९-२१ च्या पाहणीत देशातील खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के, तर सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के आढळले. तेलंगणात एकूण प्रमाण साठ टक्क्यांच्या वर, आणि नागालँडमध्ये जेमतेम पाच टक्के. एकाच देशातील स्त्रियांची शरीरे प्रांतागणिक इतकी भिन्न असणे संभवत नाही. सबब ही तफावत शरीरांपेक्षा व्यवस्थेविषयी अधिक बोलते, हे बहुतेक सर्व अभ्यासकांना मान्य आहे. ती नेमके काय बोलते, येथे मतभेद सुरू होतात.

आंतरराष्ट्रीय मापदंडाचाही एक इतिहास आहे. १९८५ साली ब्राझीलमधील फोर्टालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेने भरविलेल्या बैठकीत, कोणत्याही प्रदेशात हे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांहून अधिक असण्यास समर्थन नाही, असे जाहीर झाले आणि तो आकडा जगभर प्रमाण मानला गेला. २०१५ साली त्याच संघटनेने आपले म्हणणे अधिक नेमके केले : लोकसंख्येच्या पातळीवर प्रमाण दहा टक्क्यांपर्यंत वाढते तोवर माता व अर्भकांचे मृत्यू घटताना दिसतात, त्यापुढील वाढीने ते घटत असल्याचे आढळत नाही, तथापि विशिष्ट टक्केवारी गाठण्याऐवजी गरजू अशा प्रत्येक स्त्रीला ही शस्त्रक्रिया उपलब्ध व्हावी, हेच उद्दिष्ट असावे. या दुरुस्तीचा उत्तरार्ध वादविवादात पुष्कळदा गाळला जातो.

४. चार प्रमुख भूमिका

पहिली भूमिका लोकारोग्याच्या अभ्यासकांची. अनावश्यक सिझेरियनमुळे रक्तस्राव, जंतुसंसर्ग व दीर्घ विश्रांती यांचा भार मातेवर पडतो, एकोणचाळीस आठवड्यांपूर्वी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत बाळाला श्वसनाचा त्रास होण्याचा संभव वाढतो, आणि खरा धोका पुढील गरोदरपणांत असतो, कारण प्रत्येक व्रणागणिक वार गर्भाशयात खोल रुतून बसण्याचे भय वाढत जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेतील दोन अभ्यासकांनी २०१८ साली कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या सामग्रीवरून असा निष्कर्ष काढला, की इतर घटक समान धरले तरी खासगी रुग्णालयात पूर्वनियोजित नसलेल्या सिझेरियनची शक्यता सरकारीपेक्षा सुमारे साडेतेरा ते चौदा टक्के-अंशांनी अधिक असते. आर्थिक प्रलोभनाचा मुद्दा या आधारे मांडला जातो.

दुसरी भूमिका प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या प्रसूतितज्ज्ञांची, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अन्यायाचे ठरेल. विवाहाचे व पहिल्या गरोदरपणाचे वय वाढले, मधुमेह, रक्तदाब व स्थूलता वाढली, कृत्रिम गर्भधारणेतून जुळी आली, आणि पायाळू बाळाचा जन्म योनीमार्गे होऊ देण्याची प्रथा २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनंतर जवळजवळ लोपली. मोठ्या शहरातील रुग्णालयात आसपासच्या तालुक्यांतून गुंतागुंतीच्या स्त्रिया पाठविल्या जातात. तेथील टक्केवारीची ग्रामीण दवाखान्याशी तुलना करणे योग्य नव्हे. त्याखेरीज १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यापासून, आणि बाळंतपणात काही विपरीत घडताच इस्पितळाची मोडतोड होण्याचे प्रकार सुरू झाल्यापासून, थांबण्याचे धाडस करणाऱ्या डॉक्टराला कोणाचेही पाठबळ उरलेले नाही. सिझर का केले, यापेक्षा सिझर का केले नाही, हा प्रश्न त्याला अधिक महागात पडतो. रात्री भूलतज्ज्ञ व रक्त मिळण्याची खात्री नसलेल्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात दिवसाउजेडी शस्त्रक्रिया उरकण्याकडे कल झुकला, तर त्यात लोभाचा अंश किती आणि भयाचा किती, याचा हिशेब बाहेरून करणे कठीण आहे.

तिसरी भूमिका रुग्णहक्क चळवळीची, आणि तिचे एक महत्त्वाचे केंद्र पुणे हेच आहे. येथील ‘साथी’ या संस्थेशी निगडित असलेले डॉ. अरुण गद्रे व डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातील ७८ डॉक्टरांच्या मुलाखती घेऊन वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांविषयी व्यवसायाच्या आतलाच आवाज पुढे आणला. त्यावर आधारित त्यांचा ‘डिसेंटिंग डायग्नोसिस’ हा ग्रंथ २०१६ साली प्रसिद्ध झाला. डॉ. गद्रे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ असून त्यांनी दीर्घकाळ लासलगाव येथे व्यवसाय केलेला आहे, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. या भूमिकेचे मुख्य मागणे पारदर्शकतेचे आहे. २०१७ साली मुंबईतील एका मातेने, प्रत्येक रुग्णालयाने आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करावे, असा विनंती-अर्ज जनतेपुढे ठेवला व त्यावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेशी संलग्न असलेल्या इस्पितळांना हे प्रमाण दर्शनी भागात लावण्याविषयी सूचना निघाली.

चौथी भूमिका स्त्रीच्या स्वायत्ततेची. काही स्त्रिया पूर्ण विचारांती, कळांच्या भयाने किंवा पूर्वीच्या वेदनादायक अनुभवामुळे, वैद्यकीय कारण नसतानाही सिझेरियन मागतात. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०११ पासून असे मान्य केले आहे, की फायदे-तोटे समजावून सांगितल्यावर व भीतीची विचारपूस केल्यावरही स्त्री ठाम असेल, तर तिची मागणी मान्य व्हावी. प्रसूतिवेदना सोसणे हाच मातृत्वाचा दाखला आहे, ही समजूत या भूमिकेला अमान्य आहे. उलट, वेदनाशमनाची सोय सर्वांना मिळती तर यांतील किती मागण्या उरल्या असत्या, असा प्रतिप्रश्न केला जातो. आणि तोही गैरलागू नाही.

५. कायद्याची स्थिती

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली असा निर्णय दिला, की उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम यांची पुरेशी माहिती दिल्याखेरीज घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे, आणि प्रौढ व शुद्धीवर असलेल्या रुग्णाऐवजी नातेवाइकाने दिलेली संमती ग्राह्य नाही. ब्रिटनमध्ये २०१५ सालच्या माँटगोमेरी खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले : मधुमेह असलेल्या लहान चणीच्या मातेला, बाळाचा खांदा अडकण्याचा धोका न सांगणे ही चूक ठरली, कारण काय सांगावे याचे माप डॉक्टरांची प्रथा हे नसून त्या रुग्णाला काय महत्त्वाचे वाटेल हे आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांच्या प्रथेला झुकते माप दिले होते. ते बदलावे काय, याविषयी कायदेपंडितांत एकवाक्यता नाही.

याउलट भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत शस्त्रक्रियेपूर्वी पती किंवा पत्नी, अल्पवयीनाच्या बाबतीत पालक, अथवा स्वतः रुग्ण यांची लेखी संमती घ्यावी, अशी संदिग्ध शब्दरचना आहे, आणि प्रत्यक्ष व्यवहारात तिचा अर्थ ‘नवऱ्याची सही’ एवढाच उरला आहे. याच संहितेने, मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत वैद्यकीय कागदपत्रे देण्याचे बंधन डॉक्टरांवर घातलेले आहे. महाराष्ट्राने २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा स्वीकारलेला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच लागू आहे, परंतु त्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक लावणे आवश्यक झाले. प्रत्येक प्रसूतिगृहाने आपले सिझेरियनचे प्रमाण जाहीर करण्याची तरतूद मात्र त्यात नाही.

६. निर्णय प्रत्यक्षात कोठे घडतो

कायद्याच्या दृष्टीने निवडीचा क्षण संमतीपत्रावरील सहीचा. प्रत्यक्षात त्या वेळी काय घडते, हे जवळून पाहावे. कळा सुरू होऊन काही तास लोटलेले असतात. स्त्री एकटी आत, घरची मंडळी बाहेर. परिचारिका दार किलकिले करून ‘पेशंटचे मिस्टर कोण?’ असे विचारते. ‘बाळाचे ठोके कमी होताहेत’, ‘बाळाने आत शी केली आहे’, ‘पाणी कमी झालंय’, ‘नाळ गळ्याभोवती आहे’, यांपैकी एखादे वाक्य उच्चारले जाते, आणि बहुधा इंग्रजीत छापलेल्या कागदावर बोट ठेवलेल्या जागी सही होते. या वाक्यांपैकी काही तातडीची असतात. ठोके घसरून सावरत नसतील, तर मिनिटांना मोल असते आणि प्रश्नोत्तरांत वेळ दवडणे घातक ठरते. काही मात्र तेवढी निर्णायक नसतात : सुमारे चौथाई बाळांच्या गळ्याभोवती जन्मसमयी नाळ आढळते आणि बहुतेकांना तिचा काही त्रास होत नाही, गर्भजल मळले असले, तरी ठोके उत्तम असता लक्ष ठेवून वाट पाहता येते, आणि दर तासाला एक सेंटिमीटर या गतीने गर्भाशयाचे तोंड उघडलेच पाहिजे, हा जुना नियम जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली मागे घेतला. हा विवेक बाहेर उभ्या असलेल्या पतीने त्या घटकेस करावा, ही अपेक्षा अवाजवी आहे.

म्हणून निवड घडवावयाची तर ती त्याआधीच्या महिन्यांत, आणि नेमकी तेथेच आपल्या समाजरीतीची एक अडचण उभी राहते. पहिले बाळंतपण माहेरी, या प्रथेनुसार पुण्यात नोकरी करणारी तरुणी सातव्या-आठव्या महिन्यात सातारा, सोलापूर किंवा लातूरला जाते. सहा महिने ज्यांनी तपासले त्या डॉक्टरीणबाई मागे राहतात, आणि ज्यांच्या हातून बाळंतपण व्हावयाचे त्यांची ओळख अखेरच्या काही भेटींपुरती असते. तपासणीच्या गर्दीत मिळणारी पाच-सात मिनिटे वजन, रक्तदाब आणि सोनोग्राफीच्या कागदांत संपतात. घरात आई, सासू व जावा यांचे अनुभव हीच माहिती असते. क्वचित मुहूर्ताचा आग्रह धरला जातो. आणि विम्याची मर्यादा नॉर्मलला एक व सिझरला दुसरी असली, की तिचाही नकळत परिणाम होतो. या सर्व आवाजांत त्या स्त्रीला स्वतःला काय वाटते, हे विचारण्याची कोणाचीही नेमणूक झालेली नसते.

पहिले सिझर झालेल्या स्त्रीच्या दुसऱ्या खेपेस हा अभाव सर्वाधिक जाणवतो. ‘एकदा सिझर म्हणजे नेहमीच सिझर’ हे सूत्र १९१६ साली अमेरिकेत मांडले गेले, तेव्हा गर्भाशयावर उभा छेद देण्याची पद्धत होती. आजच्या आडव्या छेदानंतर योग्य निवड केलेल्या स्त्रियांपैकी साठ ते ऐंशी टक्क्यांची प्रसूती योनीमार्गे सुखरूप होते आणि व्रण फाटण्याचा धोका हजारी सुमारे पाच असतो. हा धोका लहान असला तरी गंभीर आहे, व तातडीच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच तो पत्करावा, हे खरे. तथापि हजारी पाच हा आकडा ऐकून एक स्त्री प्रयत्न करू इच्छील व दुसरी इच्छिणार नाही. दोघींचेही उत्तर योग्य असेल. आकडाच न ऐकविता दिलेले उत्तर मात्र दोघींचेही नव्हे.

७. आजमावलेले उपाय

प्रसूतीच्या वेळी विश्वासातील व्यक्ती सतत सोबत असली, तर सिझेरियनचे प्रमाण घटते आणि स्त्रीचे समाधान वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून दिसून आले आहे. केंद्र सरकारने २०१६ साली सरकारी रुग्णालयांत अशा सोबतिणीला मुभा दिली आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेचा अंतर्भाव केला. २०१८ साली प्रशिक्षित प्रसविकांचे स्वतंत्र पद निर्माण करण्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. सिझेरियनच्या प्रमाणाच्या तपासणीसाठी डॉ. मायकेल रॉबसन यांची दहा गटांची वर्गवारी उपयुक्त ठरली आहे : पहिलटकरीण की नाही, पूर्वी सिझर झाले आहे का, बाळ एक की जुळे, डोके खाली की पायाळू, दिवस भरलेत का, आणि कळा आपसूक की औषधाने सुरू झाल्या, यांवरून प्रत्येक प्रसूती एका गटात बसते व समानांची समानांशी तुलना करता येते. तातडी नसताना शस्त्रक्रियेच्या निर्णयाला दुसऱ्या डॉक्टरांच्या मताची जोड, आणि गरोदर स्त्रियांसाठी प्रशिक्षणवर्ग, या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ सालच्या शिफारशीही याच वाटेवरील आहेत. मात्र यांतील बहुतेक तजविजी सरकारी रुग्णालयांसाठी आखलेल्या आहेत, आणि प्रमाण जेथे सर्वाधिक आहे त्या खासगी प्रसूतिगृहांना त्या बंधनकारक नाहीत.

८. अनिर्णीत बाबी

काही प्रश्नांवर प्रामाणिक मतभेद अद्याप कायम आहेत. पुण्यासारख्या, दूरदूरच्या गुंतागुंती ओढून घेणाऱ्या शहरासाठी योग्य प्रमाण कोणते, हे ठरलेले नाही. प्रमाण जाहीर करण्याची सक्ती केल्यास काही डॉक्टर जोखमीच्या स्त्रियांना दाखल करून घेण्याचेच टाळतील, ही शंका निराधार म्हणता येत नाही. रॉबसन वर्गवारीने ती बरीच कमी होते, परंतु लहान प्रसूतिगृहांत ती नोंदवही कोणी लिहावयाची, याची व्यवस्था नाही. कारणावाचून सिझर मागणाऱ्या स्त्रीला आपल्याकडे काय उत्तर द्यावे, आणि बाळ संकटात असता शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या स्त्रीच्या नकाराला कोठवर मान द्यावा, याविषयी स्पष्ट मार्गदर्शन नाही. आणि प्रमाण घटविण्याच्या भरात, आदिवासी तालुक्यातील ज्या स्त्रीपर्यंत ही शस्त्रक्रिया वेळेवर पोहोचतच नाही, तिचा विसर पडण्याचा धोकाही आहे. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयात सिझेरियन विनामूल्य केले; शल्यतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तीन एकाच रात्री एकाच ठिकाणी असण्याची हमी मात्र त्यातून मिळालेली नाही.

९. समारोप

उपलब्ध पुरावा आणि सर्व पक्षांचे म्हणणे यांची छाननी केल्यावर एक गोष्ट निःसंदिग्धपणे पुढे येते. कमी सिझेरियन की अधिक, याविषयी मतभेद असणारे सर्व पक्ष एका मुद्द्यावर सहमत होऊ शकतात, तो हा, की कळा सुरू होण्यापूर्वी स्त्रीला सर्व माहिती तिच्या भाषेत मिळाली पाहिजे. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. सातव्या महिन्यातील एक संपूर्ण भेट केवळ बोलण्यासाठी राखून ठेवणे, मराठी संमतीपत्र त्याच भेटीत घरी वाचावयास देणे, माहेरी जाणाऱ्या स्त्रीबरोबर तिच्या तपासणीचा व तिच्या इच्छेचा लेखी गोषवारा पाठविणे, आणि गेल्या वर्षी आपल्याकडे पहिलटकरणींपैकी किती जणींचे सिझर झाले हा आकडा विचारताच सांगणे, या चार गोष्टी पुण्यातील कोणत्याही प्रसूतिगृहाला उद्यापासून करता येतील. डॉक्टरांनी त्या आपण होऊन कराव्यात. आणि ज्यांच्या घरी लेक किंवा सून गरोदर आहे त्यांनी त्या मागाव्यात, आणि मागताना तिला स्वतःला बोलू द्यावे.